साइडबारमधले ड्राइव्ह: फाइल मॅनेजरच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

साइडबारचं काम आजपासून हाती. लिनक्ससाठीचा आपला हा छोटा फाइल मॅनेजर फोल्डर उघडतो, कॉपी करतो, शोधतो, पण डावीकडच्या पट्टीत ड्राइव्ह दाखवायची वेळ आली की जुना कोड कर्नेलची (लिनक्सच्या गाभ्याची) माउंट यादी, म्हणजे जोडलेल्या सगळ्या जागांची यादी, वाचतो आणि सगळी ओतून मोकळा होतो. माझ्याच मशिनवर त्या यादीत मशिन सुरू करायला लागणारं इएफआयचं पार्टिशन आहे, स्नॅप पॅकेजांची लूप (आभासी) उपकरणं आहेत, डॉकरचे ओव्हरले (आभासी थर) आहेत आणि या गर्दीच्या तळाशी कुठेतरी ऑफिसचा शेअर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचं सामायिक फोल्डर. ज्याला फक्त पेन ड्राइव्ह हवाय त्यानं काय करायचं?

हे काढून जीआयओ या लायब्ररीच्या व्हॉल्यूम मॉनिटरवर जायचं ठरलं. तिथे तीन पायऱ्या आहेत: ड्राइव्ह म्हणजे यंत्र, व्हॉल्यूम म्हणजे त्यावरचं जोडता येण्याजोगं पार्टिशन, आणि माउंट म्हणजे प्रत्यक्ष जोडलेली जागा. पेन ड्राइव्हला तिन्ही असतात. अनमाउंट केला तरी व्हॉल्यूम उरतो, म्हणून ओळ यादीत राहते. एसएमबी (विंडोजची फाइल-वाटपाची पद्धत) शेअरला मात्र सहसा पहिल्या दोन पायऱ्या नसतातच. तो थेट माउंट म्हणून जन्माला येतो, आणि तुटला की मागे काही उरत नाही. लायब्ररीच्या दृष्टीनं हे बरोबर आहे. माणसाच्या दृष्टीनं मात्र काल होता तो ड्राइव्ह आज गायब आहे. या फरकाची चुणूक पुढे बऱ्याच ठिकाणी दिसणार असं वाटतंय.

एफस्टॅब म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची हे लिहिलेली सिस्टिमची फाइल. तिच्यातले एक्स-जीव्हीएफएस-शो, एक्स-जीव्हीएफएस-हाइड आणि एक्स-जीव्हीएफएस-नेम हे तिन्ही पर्याय पाळायचे. दाखवायचं की लपवायचं यावर शेवटचा शब्द मशिन सांभाळणाऱ्याचा, आमचा नाही.

९ जानेवारी

पुण्यातल्या एका डीटीपी कार्यालयात बसलो. आमचा फाइल मॅनेजर सगळ्यात आधी तिथेच वापरला जाणार आहे. आठ-दहा मशिन, एक नास बॉक्स (नेटवर्कवरून सगळ्यांना फाइल देणारी डिस्कची पेटी), एक जुना विंडोज पीसी जो अजून स्कॅनरसाठी जपून ठेवलाय. निम्मी मशिन लिनक्सवर आली आहेत, पण भाषा अजून विंडोजच्या ड्राइव्ह-अक्षरांचीच आहे; झेड म्हणजे नासवरचा शेअर. "कव्हर झेडमध्ये टाकलंय." "डीमधलं जुनं काढ." हिशेब बघणाऱ्या मॅडमनी मला सांगितलं, "सर, सीमध्ये काही ठेवायचं नाही हो, फॉरमॅट मारला की जातं."

हे वाक्य नीट ऐकण्यासारखं आहे. आपल्याकडे असेंबल केलेल्या मशिनमध्ये दुकानदार एकाच डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडून देतो. विंडोज बिघडलं की सी पुसायचा, डी तसाच ठेवायचा. म्हणजे 'डी' हे त्यांच्यासाठी यंत्राचं नाव नाही, सुरक्षित जागेचं नाव आहे. ही अक्षरं सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमपासून चालत आली, ए आणि बी फ्लॉपींना गेली, १९८३च्या आयबीएम पीसी एक्सटीत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली तिला सी मिळालं. युनिक्सनं, म्हणजे लिनक्सच्या घराण्यानं, हा मार्गच धरला नाही. तिथे एकच झाड, आणि ज्या फांदीला हवी तिथे डिस्क टांगायची. पण झाड एकच असलं तरी डी कुठे गेला हा मॅडमचा प्रश्न खराच आहे. म्हणून डेटा असलेली आतली एनटीएफएस (विंडोजच्या फाइलसिस्टिमची) पार्टिशनं साइडबारमध्ये दिसलीच पाहिजेत, माउंट झालेली नसली तरी. इएफआय आणि रिकव्हरी मात्र नाहीत.

कार्यालयातल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटर काकांना विचारलं, डी आणि झेडमध्ये फरक काय? म्हणाले, "डी माझा. झेड सगळ्यांचा. आणि झेड कधीकधी रुसतो."

१४ जानेवारी

शीर्षकांवरून वाद. आमच्यातली डिझाइन बघणारी म्हणते दोन गट पुरेत, 'या संगणकावर' आणि 'नेटवर्कवर'. दुसरा सहकारी म्हणतो गट नकोतच, एकच यादी, आयकॉन वेगळा.

इतरांनी काय केलंय ते पडद्यावर मांडलं. विंडोज ९५मध्ये डेस्कटॉपवर दोन वेगळे आयकॉन होते, माय कम्प्युटर आणि नेटवर्क नेबरहुड. पण शेअरला अक्षर दिलं की तो पहिल्यातही येऊन बसायचा, म्हणजे भिंत पहिल्या दिवसापासून भोकाची. डॉल्फिन या केडीईच्या फाइल मॅनेजरमध्ये रिमोट, डिव्हायसेस आणि रिमूव्हेबल डिव्हायसेस असे वेगळे गट आहेत. ग्नोम डेस्कटॉपच्या 'फाइल्स' या फाइल मॅनेजरमध्ये बरीच वर्षं 'अदर लोकेशन्स' नावाचं एक पान होतं, आतल्या डिस्क आणि नेटवर्क दोन्ही त्यातच. सप्टेंबर २०२४मधल्या ग्नोम ४७नं ते पान काढून आतल्या डिस्क साइडबारमध्ये आणल्या आणि नेटवर्कला स्वतंत्र जागा दिली. मला हा बदल पटतो. 'इतर' या नावाखाली काय सापडेल याचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही.

मग अडचणीची उदाहरणं काढली. एफस्टॅबमधून जोडलेला सीआयएफएस (कर्नेलनं जोडलेला एसएमबी) शेअर: पाथ पाहिला तर घरच्या फोल्डरसारखाच. एसएसएचएफएस (एसएसएचवरून दूरचं फोल्डर जोडणं): फ्यूज आहे, म्हणजे फाइलसिस्टिम कर्नेलबाहेरचा प्रोग्रॅम चालवतो, पलीकडे सर्व्हर. राउटरला खोचलेली यूएसबी डिस्क: वस्तू टेबलावर, येते मात्र नेटवर्कनं. आयस्कझी (नेटवर्कवरून अख्खी डिस्क देण्याची पद्धत): डिस्क दुसऱ्या खोलीत, पण कर्नेल तिला साधी ब्लॉक डिस्क समजतं. 'वस्तू कुठे आहे' हा निकष लावला तर यातलं प्रत्येक उदाहरण वाद घालतं.

शेवटी ठरलं असं: गट दोनच, पण निकष जागेचा नाही. वाट नेटवर्कची आहे का, एवढंच बघायचं, आणि ते फाइलसिस्टिमच्या प्रकारावरून. एनएफएस (युनिक्स-लिनक्सची फाइल-वाटपाची पद्धत), सीआयएफएस, एसएसएचएफएस दुसऱ्या गटात, मग ते कुणीही कसेही जोडलेले असोत. आयस्कझी पहिल्या गटात जाईल. ज्याच्याकडे आयस्कझी आहे त्याला साइडबार समजावून सांगायची गरज नसते.

माझं मत त्या चर्चेत मांडलं ते इथेही लिहून ठेवतो. शीर्षकांवर आपण दुपार घालवली, पण काका ओळीकडे बघून शीर्षक वाचणार नाहीत. आत्ता क्लिक केलं तर उघडेल का, एवढंच त्यांना बघायचंय. डी आणि झेड यांच्यातला खरा फरक रुसण्याचा आहे. म्हणून अवस्था ओळीवरच दिसली पाहिजे, आणि तीनच अवस्था: जोडलेला, जोडायचा बाकी, उत्तर देत नाही. पहिल्या दोन आतल्या डिस्कलाही लागू आहेत. तिसरी फक्त दुसऱ्या गटाची.

२० जानेवारी

तिसऱ्या अवस्थेचा दिवस. चाचणीसाठी एक एनएफएस सर्व्हर उभा केला आणि फायरवॉलमधून त्याची वाट बंद केली. इथे एक बारकावा: रिजेक्ट नियम लावला तर नकार लगेच परत येतो आणि सगळं शहाण्यासारखं वागतंय असं वाटतं. ड्रॉप लावला तर पलीकडून फक्त शांतता. वीज गेलेला नास ड्रॉपसारखा वागतो. म्हणून चाचण्या ड्रॉपवरच घ्यायच्या.

ड्रॉप लावला आणि फाइल मॅनेजर गोठला. खिडकी पांढरी, माउस फिरतोय, बाकी काही नाही. कारण ओळीखालची मोकळ्या जागेची पट्टी. ती काढायला स्टॅटएफएस (मोकळी जागा विचारणारा सिस्टिम कॉल) लागतं, ते सर्व्हरला विचारतं, आणि एनएफएस मूळ सेटिंगमध्ये 'हार्ड' असतं, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबायचं, कितीही वेळ. टीसीपी जोडणीवर पहिलं थांबणंच ६० सेकंदांचं, त्यानंतर पुन्हा पुन्हा. हे कर्नेलचं चुकीचं वागणं नव्हे. लिहिता लिहिता सर्व्हर गेला आणि प्रोग्रॅमला चटकन एरर दिली तर अर्धवट फाइल पडून राहते. त्यापेक्षा थांबणं बरं, असा तो हिशेब. पण थांबायचं ते लिहिणाऱ्यानं. साइडबारनं का?

पहिली सूचना आली ती थ्रेडची, म्हणजे चौकशी प्रोग्रॅममधल्याच वेगळ्या धाग्यावर टाकायची. थ्रेड अडकतो आणि अडकलेलाच राहतो. पूलमध्ये मोजके थ्रेड असतात, दर काही सेकंदांनी जागा विचारायची सवय असेल तर एक मेलेला शेअर हळूहळू सगळे थ्रेड गिळतो, आणि मग चालू पेन ड्राइव्हचीही चौकशी रांगेत उभी राहते. थ्रेड एकटा मारता येत नाही. प्रक्रिया मारता येते: २००८च्या २.६.२५ कर्नेलपासून एनएफएसच्या वाटेवर अडकलेली प्रक्रिया किल -९ला (सक्तीनं बंद करण्याच्या आदेशाला) दाद देते.

म्हणून आता रचना अशी. नेटवर्क माउंटची यादी येते कर्नेलच्या माउंटइन्फो फाइलमधून. ती वाचताना सर्व्हरला कुणी हात लावत नाही आणि तिच्यात बदल झाला की पोल या सिस्टिम कॉलनं कळतं. प्रत्येक नेटवर्क माउंटसाठी एक छोटी मदतनीस प्रक्रिया. तिला एकच प्रश्न विचारायचा, आणि पहिल्याचं उत्तर आल्याशिवाय दुसरा विचारायचा नाही. दोन सेकंदांत उत्तर नाही आलं तर ओळ 'उत्तर देत नाही' या अवस्थेत. प्रक्रियेला लगेच मारायचं नाही, कारण तिचं उशिरा आलेलं उत्तर हीच सर्व्हर परत आल्याची खबर असते. मारायची ती वापरकर्त्यानं तोडायला सांगितल्यावर किंवा प्रोग्रॅम बंद होताना.

दुपारी गोठण्याच्या आणखी दोन वाटा सापडल्या, स्टॅटएफएसचा काही संबंध नसलेल्या. एक बुकमार्क. सुरू होताना प्रत्येक बुकमार्कचं फोल्डर अजून आहे का हे कोड तपासतो, आणि बुकमार्क मेलेल्या शेअरमधला असला की खिडकी उघडतच नाही. दुसरी जास्त छुपी. घरच्या फोल्डरमध्ये शेअरकडे जाणारी एक सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल). फोल्डरची यादी करताना आयकॉन ठरवायला आपण लिंकच्या पलीकडे डोकावतो आणि अडकतो. म्हणजे झेड बंद, म्हणून स्वतःचं होम फोल्डर उघडत नाही! आता लिंक वाचायची, पण तिच्या मागे जायचं नाही. तिचा पत्ता माउंटइन्फोमधल्या एखाद्या नेटवर्क माउंटखाली येतो का हे नुसतं अक्षरं जुळवून बघायचं. येत असेल तर साधा लिंकचा आयकॉन, खोलातली चौकशी नंतर.

ऑटोमाउंटचंही याच हिशेबात आलं. सिस्टमडी ऑटोमाउंटवर (हात लावल्यावरच जोडण्याच्या सोयीवर) ठेवलेला शेअर स्टॅटएफएस विचारल्यानंच जोडला जातो. नुसतं साइडबार काढल्यानं सर्व्हरशी जोडणी होणं बरोबर नाही. माउंटइन्फोत प्रकार ऑटोएफएस दिसला की ओळ 'जोडायचा बाकी', आणि क्लिकपर्यंत हात लावायचा नाही.

२३ जानेवारी

गुरुवार. डीटीपी कार्यालयात सकाळी वीज नव्हती. मशिन यूपीएसवर, नास नाही. चांगली संधी म्हणून कालचं बिल्ड टाकून तिथेच बसलो.

खिडकी गोठली नाही, हे झालं. पण दुसरा प्रश्न समोर आला. जीव्हीएफएसनं (जीआयओच्या मागे काम करणाऱ्या सेवेनं) जोडलेले शेअर, म्हणजे एफस्टॅबमध्ये नसलेले, जोडणी तुटल्यावर यादीतून निघून गेले, आणि खालच्या ओळी वर सरकल्या. मॅडमनी सवयीनं पाचव्या ओळीवर क्लिक केलं आणि भलताच फोल्डर उघडला. पहिल्या दिवशी लिहिलेला जीआयओचा फरक तो हाच.

नियम: एकदा जोडलेला शेअर यादीत राहतो, वापरकर्ता स्वतः काढेपर्यंत. तुटला तर 'जोडायचा बाकी' होतो, जागा सोडत नाही. त्यासाठी आम्ही स्वतःची एक छोटी नोंदवही ठेवतो, त्यात सर्व्हरचं नाव, शेअर, दाखवायचं नाव आणि यादीतला क्रमांक. पासवर्ड तिथे नाही, तो कीरिंगमध्येच (सिस्टिमच्या पासवर्डच्या तिजोरीत). सर्व्हर आयपीनं न नोंदवता शक्य तिथे नावानं नोंदवायचा. वीज आल्यावर राउटरनं नासला नवा आयपी दिला होता, आणि आयपीनं केलेला एक बुकमार्क तिथेच मेला.

वीज आल्यावर आपोआप जोडायचं का? काकांचं उत्तर: "मी हात लावला की जोड. उगाच खटपट नको." तेच ठेवलं.

२९ जानेवारी

'नेटवर्क' पान रिकामं का, ही तक्रार आम्ही लिहायच्या आधीपासून जगभर चालू आहे. जुन्या पद्धतीत मशिन एकमेकांना सापडायची ती कम्प्युटर ब्राउझर सेवेनं, आणि ती एसएमबी १वर उभी. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा प्रोग्रॅम आला तो त्याच एसएमबी १मधल्या भोकातून. त्याच वर्षीच्या विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी १ मुळात बसवलेलं येईनासं झालं, आणि त्याबरोबर ती यादीही गेली. आता विंडोज मशिन डब्ल्यूएस-डिस्कव्हरीनं हाक मारतात, यूडीपीच्या ३७०२ पोर्टवर. मॅक आणि बरेचसे नास एमडीएनएसनं, ५३५३ पोर्टवर. जीव्हीएफएसमध्ये डब्ल्यूएस-डिस्कव्हरी २०२४मध्ये आली, म्हणजे जुन्या डिस्ट्रोवर ती नाही.

यातून निघालेला निर्णय कठोर आहे, पण मला आवडतो: शोधून सापडलेलं काहीही साइडबारमध्ये येणार नाही. कोण हाकेला ओ देईल यावर ती यादी दर मिनिटाला बदलते. साइडबारमध्ये फक्त माणसानं निवडलेलं. शोध वेगळ्या पानावर, आणि त्या पानाच्या डोक्यावर पत्ता लिहायची मोठी चौकट.

त्या चौकटीत लोक काय टाकतात? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला विंडोजचा पाथ, दोन उलट्या रेघांनी सुरू होणारा. तो मुकाट्यानं एसएमबीच्या पत्त्यात बदलून घ्यायचा, 'चुकीचा पत्ता' म्हणून परत नाही पाठवायचा. मागेपुढे आलेल्या मोकळ्या जागा आणि अवतरणचिन्हंही काढायची. दीड तासाचं काम. त्याचा उपयोग बाकीच्या आठवड्यापेक्षा जास्त होईल अशी शंका आहे.

३ फेब्रुवारी

मोकळ्या जागेची पट्टी. नासवर तीन शेअर आहेत, 'जॉब्ज', 'फॉन्ट' आणि 'हिशेब'. तिन्हींखाली तीच पट्टी, तोच आकडा, कारण तिन्ही एकाच व्हॉल्यूमवर. मालकांनी तिन्हींची बेरीज केली आणि नवी डिस्क घ्यायची गरज नाही असं ठरवलं होतं. सर्व्हरवर कोटा (प्रत्येकाला ठरवून दिलेली जागा) असेल तर आणखी गंमत. काही ठिकाणी आकडा डिस्कचा येतो, काही ठिकाणी तुमच्या वाट्याचा, आणि आपल्याला कुठला आलाय हे इकडून ओळखायची खात्रीची सोय नाही.

ज्याचा अर्थ सांगता येत नाही तो आकडा कायम डोळ्यांसमोर का ठेवायचा? नेटवर्कच्या ओळींखालची पट्टी काढली. गुणधर्मांच्या खिडकीत 'सर्व्हरनं सांगितलेली मोकळी जागा' या नावानं तो राहील. आतल्या डिस्कलाही पट्टी कायम नाही, जागा संपत आली तरच. डिझाइन बघणारीला हे रिकामं रिकामं वाटलं. वाटू दे.

एककाचा प्रश्नही आजच मिटवला. खोक्यावर १ टीबी लिहिलेली डिस्क विंडोज ९३१ जीबी दाखवतं, कारण ते १०२४नं भागतं आणि लिहितं मात्र जीबी. आम्ही १०००नं भागणार, मॅक आणि ग्नोमसारखं. खोक्यावरचा आणि पडद्यावरचा आकडा जुळला की एक फोन कमी येतो.

७ फेब्रुवारी

नावं. लेबल असेल तर लेबल, नसेल तर '५०० जीबी डिस्क' असं काहीतरी. इथवर सोपं. मग कुणीतरी पेन ड्राइव्हला मराठी नाव द्यायला गेलं.

एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमच्या लेबलला १६ बाइट. यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात देवनागरीचा प्रत्येक संकेतांक ३ बाइटचा, मात्राही वेगळी धरून. 'हिशेब' १५ बाइटमध्ये जेमतेम बसतं, 'पुस्तकं' बसत नाही. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमला तर १२च. म्हणजे इंग्रजीत १६ अक्षरं लिहिणाऱ्याला आमच्याकडे पाच चिन्हं. आणि लेबल कापलं गेलं तर ते मधोमध कापून शेवटी चौकट उमटते.

म्हणून साइडबारमधलं नाव डिस्कवर लिहायचंच नाही. डिस्कच्या यूयूआयडीला (ओळख क्रमांकाला) बांधून ते आमच्या नोंदवहीत ठेवायचं, हवं तेवढं लांब. फॅटच्या पेन ड्राइव्हला पूर्ण यूयूआयडी नसतो, आठ अंकांचा क्रमांक असतो, तोही चालेल. तोटा उघड आहे: दुसऱ्या मशिनवर ते नाव दिसणार नाही. डिस्कवर खरंच लेबल लिहायचं असेल तर ते गुणधर्मांत वेगळं, टाइप करतानाच उरलेले बाइट मोजणारं. दोन सर्व्हरांवर एकाच नावाचे शेअर असतील तेव्हाच नावापुढे सर्व्हरचं नाव जोडायचं, नाहीतर नाही.

मॅडमनी शेअरला दिलेलं नाव: 'झेड'. दिलं.

१२ फेब्रुवारी

काढण्याचं बटण. नेटवर्कच्या ओळीवर आतापर्यंत इजेक्टचाच त्रिकोण होता. तो पेन ड्राइव्हवरच राहू दे. शेअरला उजव्या क्लिकमध्ये दोन वेगळ्या गोष्टी: 'तोडा' आणि 'यादीतून काढा'. आतल्या पार्टिशनला बटण नाहीच.

पेन ड्राइव्हचा खरा घोळ वेगळा आहे. कॉपीची पट्टी पूर्ण भरते तेव्हा फाइल कर्नेलच्या मेमरीत पोचलेली असते, ड्राइव्हवर नाही. इजेक्ट दाबल्यावर उरलेलं उतरतं, आणि स्वस्त ड्राइव्हवर मोठी पीडीएफ असेल तर त्याला बराच वेळ लागतो. तोवर छापखान्याचा मुलगा ड्राइव्ह उपटून निघालेला असतो. आता काढता येणाऱ्या ड्राइव्हवर कॉपी झाली की आम्ही स्वतः सिंक करतो, म्हणजे मेमरीतलं सगळं ड्राइव्हवर उतरवतो, आणि मगच 'झालं' म्हणतो. पट्टी हळू वाटते. खरी वाटते हे जास्त महत्त्वाचं.

एनटीएफएसचा डी कधी कधी जोडायलाच नकार देतो, कारण विंडोज फास्ट स्टार्टअपमुळे पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेलं असतं. कर्नेलकडून येणारी मूळ एरर कुणालाही कळणार नाही. आमचा मजकूर: 'विंडोज पूर्ण बंद झालेलं नाही. विंडोज सुरू करून "रीस्टार्ट" निवडा, मग इथे परत या.' शटडाउन म्हणायचं नाही, कारण शटडाउननंच हे होतं.

१८ फेब्रुवारी

ओर्का स्क्रीन रीडर लावून साइडबार ऐकला. अवस्था नुसत्या आयकॉनच्या फिकेपणानं दाखवली होती, ती ऐकूच येत नव्हती. आता ओळ 'झेड, नेटवर्क, उत्तर देत नाही' अशी वाचली जाते. त्याच निमित्तानं फिक्या आयकॉनशेजारी छोटी खूणही आली, रंगावर भिस्त नाही.

कार्यालयात नवं बिल्ड सगळ्या लिनक्स मशिनवर टाकलं. काकांनी नासची केबल मुद्दाम काढून पाहिली, खूण आली का बघितलं, परत लावली, क्लिक केलं, उघडलं. मग विचारलं, "आणि फोन?"

फोन राहिलाय. एमटीपीवरचा (यूएसबीनं फोनच्या फाइल देण्याच्या पद्धतीवरचा) फोन ब्लॉक डिस्क नाही, फाइलसिस्टिमही नाही, वाट यूएसबीची आहे पण रुसतो नेटवर्कपेक्षा जास्त. स्क्रीन लॉक असेल तर जोडला जातो आणि रिकामा दिसतो. माझ्या निकषाप्रमाणे तो पहिल्या गटात, पण तिसरी अवस्था त्याला द्यावी लागेल, म्हणजे 'फक्त दुसऱ्या गटाची' हे वाक्य कोडमधून काढणं आलं. तिकीट उघडलंय. त्यात मजकुराचा मसुदा: 'फोन लॉक आहे. अनलॉक करा.' साइडबारची शाखा आज संध्याकाळी मुख्य शाखेत मिसळली, फोन पुढच्या आवृत्तीत.